भंगारातली वजनं-मापं: आधी वाचा, मग घासा

जुन्या बाजारातून पितळी मापटं, बिडाचं शेराचं वजन, क्वचित अख्खी तागडी उचलून आणणारे आता बरेच झालेत. त्यातले बहुतेक जण घरी पोचताच चिंच, लिंबू, भांडी उजळवायची पावडर, नाहीतर थेट ॲसिड काढतात. संध्याकाळपर्यंत वस्तू लखलखते आणि तिच्यावरचं लिखाण गेलेलं असतं. वजन-मापाची सगळी किंमत त्या लिखाणात असते: आकडा, तपासणीचे शिक्के, दुकानदाराच्या नावाची ठोकलेली अक्षरं. ती गेली की उरतं ते पेपरवेट.

माझं पहिलं नवटाक, म्हणजे दहा तोळ्यांचं वजन, मी असंच घालवलं. पॉलिशच्या दुकानात बफवर धरायला दिलं, परत आलं तेव्हा आरसा झाला होता. त्यावर दोन-तीन शिक्के होते एवढं आठवतं. कसले होते, ते आता कळायला मार्ग नाही. तेव्हा खालचा क्रम मोडू नका. यातली प्रत्येक पायरी पुढे ढकलली तरी चालते, फक्त घासणं अलीकडे ओढलेलं चालत नाही.

## १. घरून निघण्याआधी

पिशवीत एवढं टाका: छोटं लोहचुंबक, भिंग, टॉर्च, मऊ पेन्सिल, पातळ कागद, कोरडं फडकं, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा आणि जाड कापडी पिशवी. प्लास्टिकची पिशवी नको. दोन किलो बीड तिच्यातून कधी निसटेल आणि कोणाच्या पायावर पडेल, सांगता येत नाही.

काटा आधी पडताळून घ्या. ओळखीच्या वाण्याकडचं शिक्का मारलेलं दोनशे ग्रॅमचं वजन त्यावर ठेवून पाहा. काटा चार ग्रॅम इकडेतिकडे दाखवत असेल तर पुढची सगळी ओळख चुकेल.

आणि हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- तोळा: ११.६६ ग्रॅम
- छटाक, म्हणजे ५ तोळे: सुमारे ५८ ग्रॅम
- नवटाक, १० तोळे: सुमारे ११७ ग्रॅम
- पावशेर, २० तोळे: सुमारे २३३ ग्रॅम
- अच्छेर, ४० तोळे: सुमारे ४६७ ग्रॅम
- पक्का शेर, ८० तोळे: सुमारे ९३३ ग्रॅम
- रत्तल, म्हणजे पौंड: ४५३.६ ग्रॅम

सोनाराच्या वजनांच्या मागे असाल तर १२ मासे म्हणजे तोळा आणि ८ गुंजा म्हणजे मासा. एक गुंज जेमतेम ०.१२ ग्रॅम भरते, त्यामुळे त्यांना ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

नेहमीची चूक: आपण भाजीवाल्याकडे अजूनही ‘पावशेर’ म्हणतो आणि अडीचशे ग्रॅम घेतो. त्या सवयीनं लोक २५० ग्रॅमचं दशमान वजन ‘जुना पावशेर’ म्हणून विकत घेतात. खरा पावशेर त्याहून सतरा ग्रॅमनं हलका असतो.

## २. कुठे जायचं, कधी जायचं

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीटची दुकानं नावाजलेली आहेत, पण तिथे माल निवडून, पुसून, भाव चढवून मांडलेला असतो. शिकायला दुकान बरं, खरेदीला नाही. खरी वजनं-मापं सापडतात ती तालुक्याच्या गावातल्या भंगाराच्या गोदामात, बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या आवराआवरीत आणि वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराकडे. वाडा उतरवला जातोय असं दिसलं की मुकादमाला भेटून ठेवा. दारं-खिडक्यांना गिऱ्हाईक असतं, माळ्यावरच्या पायलीला, म्हणजे धान्याच्या मोठ्या मापाला, नसतं.

गोदामात सकाळीच जा. दुपारनंतर पितळ एका पोत्यात आणि बीड दुसऱ्या ढिगात गेलेलं असतं, आणि एकाच संचातली वजनं अशी कायमची विखुरतात. एक वजन सापडलं की त्याच्या जोडीची विचारा: “मामा, हे ज्याच्याकडून आलं त्याच्या मालात अजून काय होतं?” या एका प्रश्नानं मला जेवढं मिळालं, तेवढं ढीग उपसून मिळालेलं नाही.

सावधान: रेल्वेची खूण असलेली वस्तू घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारी खात्याच्या प्रमाण वजनांच्या पेट्याही कधीकधी बाजारात येतात. लिलावाची पावती असेल तरच हात लावा.

## ३. हातात घेतल्यावर, याच क्रमानं

पहिलं, न पुसता बघा. बूड, कड, कान, आतली बाजू. टॉर्च समोरून न मारता बाजूनं, जमिनीला समांतर धरा. सपाट दिसणाऱ्या बिडावर तिरप्या उजेडात अक्षरं उठून येतात.

दुसरं, चुंबक. पितळाला चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. लोखंडी पट्ट्या मारलेल्या पितळी मापाला पट्टीवर चिकटेल, ते ठीक आहे.

तिसरं, आवाज. माप तळहातावर ठेवून नाण्यानं हलकं टिचकवा. धड पितळ घुमतं. भद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कधीतरी डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, बुजवलंय.

चौथं, बिडाच्या वजनाचं बूड. तिथे एक खड्डा आणि त्यात शिसं असतं. वजन नेमकं करायला शिसं भरत आणि निरीक्षक त्या शिशावरच शिक्का मारत. खड्डा रिकामा असेल तर वजन आता खरं राहिलेलं नाही, पण म्हणून टाकाऊही नाही. भाव मात्र उतरवून मागा.

पाचवं, काट्यावर टाका. नकली माल इथेच उघडा पडतो. जुनं दिसावं म्हणून काळी केलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ वगैरे अक्षरं ओतलेली पितळी वजनं हल्ली पुष्कळ दिसतात. ती ओतणाऱ्यानं साचा दिसण्यापुरता केलेला असतो; भार कोण मोजतंय? खरं वजन झिजलं, गंजलं तरी कुठल्या तरी एककाच्या आसपास भरतं. शोभेचं वजन ३१० भरेल, १८७ भरेल, कशालाच जुळणार नाही. फक्त ३१७ च्या आसपास भरणारं बिडाचं वजन दिसलं तर घाईनं परत ठेवू नका: मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि ४० शेरांचा होता, म्हणजे त्या मणाचा शेर साधारण ३१७ ग्रॅमचा.

आणखी एक खूण. अस्सल वजनावरचे तपासणीचे शिक्के नंतर ठोकलेले असतात: खोल-उथळ, वाकडे, एकमेकांवर चढलेले. नकलीवर सगळी अक्षरं साच्यातून सारख्याच उंचीची येतात, आणि खाचांतला काळेपणा नखानं खरवडला की निघतो.

तपासा: तागडी घेत असाल तर एका पारड्याखाली दोरीनं बांधलेला दगड, चिंधी किंवा लोखंडाचा तुकडा दिसेल. तो कचरा समजून तिथेच फेकणारे मी पाहिलेत. तो पासंग आहे. दोन पारड्यांतला फरक काढायला दुकानदारानं बांधलेला. तो गेला तर तागडी अपुरी.

मापाचं बूड आत ठोकलेलं असेल तर? आपटून आलेला पोचा वेडावाकडा असतो आणि बाहेरून ओरखडे असतात. सगळीकडून सारखं, गोल, आत ढकललेलं बूड असेल तर ते बहुधा मुद्दाम केलेलं. ‘मापात पाप’ म्हणतात ते हे. असं माप बोहारणीला देण्याजोगं वाटेल, पण संग्रहात ते धड मापापेक्षा बोलकं असतं. ते सरळ करून घ्यायच्या फंदात पडू नका.

## ४. भाव

त्या दिवशीचा पितळेचा आणि बिडाचा मोडीचा भाव आधी दुसऱ्याच एखाद्या भंगारवाल्याकडून विचारून घ्या. तो तुमचा तळ. त्याच्या खाली कोणी देणार नाही, आणि वर किती जायचं ते खुणांवर ठरवा. मला यातली एक गंमत अजून वाटते: वजन विकत घ्यायला वजनच करतात, आणि शेराचं लोखंड किलोच्या भावानं मिळतं.

वस्तू हातात फिरवून फिरवून पाहू नका. विकणारा तुमचे डोळे वाचत असतो. ज्याच्यात रस आहे त्याच्यासोबत दोन बिनकामाच्या वस्तू ठेवा आणि सगळ्यांचा एकत्र भाव विचारा. पण संच अख्खा असेल तर घासाघीस आखडती घ्या. चिडून त्यानं एक वजन दुसऱ्याला विकलं तर तुमचंच नुकसान.

## ५. घरी आल्यावर पहिली रात्र

वस्तू धुवायची नाही. वर्तमानपत्रावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, हवेशीर ठेवा. लाकडी माप किंवा तागडीची लाकडी दांडी असेल तर ती वेगळी ठेवा. खाली पिठासारखा भुसा पडला तर किडा जिवंत आहे, आणि त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय ते लाकूड घरातल्या फर्निचरजवळ न्यायचं नाही.

सावधान: शिसं विषारी आहे. शिशाचा खड्डा असलेलं वजन हाताळल्यावर साबणानं हात धुवा, ते ग्राइंडरवर किंवा सँडपेपरनं घासू नका, स्वयंपाकघरात ठेवू नका. जुनं मापटं तांदूळ मोजायला वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. जोडाला शिशाचा डाग दिलेला असू शकतो, तेव्हा तो मोह आवरा.

## ६. खुणा वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एक अख्खी संध्याकाळ गेली तरी हरकत नाही.

१) कोरड्या मऊ ब्रशनं, जुना दाढीचा ब्रश उत्तम, सुटी धूळ झटका. इतकंच.

२) तिरप्या उजेडात चारही बाजूंनी आणि बुडाचे फोटो काढा. उजेडाची दिशा बदलून तोच फोटो पुन्हा. डावीकडून न दिसलेला आकडा उजवीकडून दिसतो.

३) पातळ कागद वर घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्याचा छापा काढायचो तसं. डोळ्याला न दिसणारं अक्षरही कागदावर उतरतं.

४) तरीही लागत नसेल तर टाल्कम पावडर बोटानं खाचेत भरा आणि वरची फडक्यानं पुसा. खडू ओला करून भरू नका. तो गंजात बसतो.

आता काय काय सापडू शकतं? आकडा देवनागरीत, इंग्रजीत किंवा मोडीत असतो. मोडी येत नसेल तर मोडी वाचणाऱ्याला फोटो दाखवा, अंदाज बांधू नका. बऱ्याच मापांवर मालकाचं नाव छिन्नीनं टिंबटिंब करून कोरलेलं असतं. षटकोनी बिडाचं वजन आणि त्यावर किलो-ग्रॅम असेल तर ते दशमान पद्धतीनंतरचं. १९५६ च्या कायद्यानं ही पद्धत आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं वजनं बदलली, आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात तीच सक्तीची झाली. त्यामुळे शेर-छटाक लिहिलेलं वजन साधारण त्याआधीचं, असं धरायला हरकत नाही. दशमान वजनाच्या शिशावर वर्षाचा आकडा आणि तिमाहीचं इंग्रजी अक्षर मिळतं. पण ते तपासणीचं साल, बनवल्याचं नव्हे. एकाच वजनावर दहा-बारा सालं असू शकतात. सगळी उतरवून घ्या. शेवटच्या सालानंतर लवकरच ते वापरातून गेलं असावं.

## ७. भार आणि मावणी पडताळणं

वजन तीनदा काट्यावर ठेवा आणि तिन्ही आकडे लिहा. मग पहिल्या पानावरच्या यादीशी ताडा.

एक उदाहरण घेऊ. अक्षरं पार गेलेलं बिडाचं गोल वजन २२६ ग्रॅम भरलं. हा झिजलेला पावशेर की अर्धा रत्तल? पावशेर २३३, अर्धा रत्तल २२७. फरक साडेसहा ग्रॅमचा. आता बूड पाहा. खड्डा रिकामा असेल तर तो पावशेर असू शकतो, कारण कमी पडणारं सातेक ग्रॅम शिसं म्हणजे टपोऱ्या काबुली चण्याएवढा ऐवज. तेवढा पडून जाणं सहज शक्य आहे. खड्डा भरलेला आणि शिक्का शाबूत असेल तर अर्धा रत्तलच. गंजानं सहा-सात ग्रॅम जायला एवढ्याशा वजनावर डोळ्याला दिसतील असे खड्डे पडावे लागतात.

आजीच्या गाठोड्यात चांदीचा रुपया असेल तर तो काढा. १८३५ पासूनचा राणी-राजाछाप रुपया नेमका एक तोळ्याचा होता, त्यामुळे असे ८० रुपये म्हणजे शेर. लहान वजनं पडताळायला न झिजलेला रुपया चांगला उपयोगी पडतो.

धान्याच्या मापांची तऱ्हा वेगळी. दोन निळवी, काही ठिकाणी निठवी, म्हणजे कोळवं; दोन कोळवी म्हणजे चिपटं; दोन चिपटी म्हणजे मापटं; दोन मापटी म्हणजे शेर; चार शेर म्हणजे पायली. पण हा शेर वजनाचा नाही, मावणीचा. आणि तो तालुक्यागणिक बदलत असे. पायलीचा मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळाचा. म्हणून ‘शेर म्हणजे इतके मिलीलिटर’ असा एकच आकडा धरून माप खोटं ठरवू नका. पाहायचं ते नातं: चिपटं मापट्याच्या निम्मं आणि मापटं शेराच्या निम्मं भरतं का? भरत असेल तर संच एका घरचा. नसेल तर विकणाऱ्यानं जुळवलेला.

मोजायची रीत: कोरडी मोहरी काठोकाठ भरा, वर पट्टी फिरवून सपाट करा, मग मिलीलिटरच्या खुणा असलेल्या भांड्यात ओता. धड पितळी माप असेल तर पाण्यानंही जमतं. पाण्याचं वजन ग्रॅममध्ये म्हणजेच मिलीलिटर. मोजून झालं की लगेच कोरडं करा. लाकडी आणि पत्र्याच्या मापात पाणी घालायचंच नाही.

तपासा: मोहरी सपाट मोजलीत की शिगोशीग, म्हणजे काठाच्या वर ढीग करून, ते लिहिलंत का? खळ्यात रास मोजताना माप शीग लावून भरत. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे, आणि त्या लाभात शिगेचाही वाटा असे. शीग पकडली तर आकडा बराच वाढतो, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच दोन नोंदी जुळत नाहीत.

## ८. आता स्वच्छता, तीही बेतानं

फोटो, छापे, आकडे झाले? मगच पुढे वाचा.

बीड. वजन रात्रभर रॉकेलमध्ये किंवा पातळ मशीन ऑइलमध्ये ठेवा. हे काम अंगणात, विस्तवापासून लांब करा. सकाळी बांबूच्या टोकदार काडीनं अक्षरांतला गंज उकरा, मग मऊ पितळी तारेचा ब्रश हलक्या हातानं फिरवा. शिशाच्या खड्ड्यावर ब्रश नाही. सुटा लाल गंज गेला की थांबा. खालचा काळपट-तपकिरी थर घट्ट असतो, तो राहू द्या. फडक्यानं कोरडं करून उन्हात गरम करा आणि गरम असतानाच मेण चोळा. काळा ऑइलपेंट लावू नका, तो सगळ्या खाचा भरून टाकतो. ॲसिडनं बीड चकचकीत होतं, पण छिद्रांत शिरलेलं ॲसिड पावसाळ्यात पुन्हा गंज फोडतं.

पितळ. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड. बहुतेक वेळा एवढं पुरतं. चिंच-लिंबाचा मारा केला की पितळावर गुलाबी डाग उठतात, कारण आंबट वरच्या थरातलं जस्त ओढून घेतं आणि तांबं उघडं पडतं. देवाच्या समईला ते चालतं, कारण ती दर आठवड्याला घासली जाते. अमोनिया असलेला क्लीनर तर अजिबात नको. ठोकून केलेल्या पितळात ताण अडकलेला असतो, आणि अमोनियानं ते तडकतं. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप फुटत, त्यामागे घोड्यांच्या मुतातला अमोनिया होता.

हिरवा पावडरीसारखा थर मात्र काढायलाच हवा, तो पसरतो. लाकडी काडीनं कोरडाच खरवडा, तोंडाला फडकं बांधून.

लाकूड आणि दोऱ्या. कोरडा ब्रश, बस. तागडीच्या कुजक्या दोऱ्या बदलायच्या असतील तर जुन्या फेकू नका. चिठ्ठी लावून सोबत ठेवा. गाठी कशा मारल्या होत्या ते फोटोतून नीट कळत नाही.

## ९. ठेवणं आणि नोंद

शिसं असलेली वजनं प्लायवुडच्या बंद कपाटात ठेवू नका. प्लाय आणि त्यातल्या डिंकातून आंबट वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. मग शिक्का त्या भुकटीसोबतच झडतो. उघडी लोखंडी मांडणी बरी. मोठी वजनं खालच्या फळीवर, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळ्यांवर नजर.

प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. स्टिकर नको, त्याचा गोंद पितळावर चौकोन उठवतो. चिठ्ठीवर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकासमोर: कुठून, कधी, कितीला घेतलं, काट्यावरचे तीन आकडे, मावणी सपाट की शिगेची, सगळ्या खुणा जशाच्या तशा, आणि विकणाऱ्यानं काय सांगितलं. विकणाऱ्याची गोष्ट वेगळ्या शाईनं लिहा. ती खरी असेलच असं नाही, पण गावाचं नाव बहुधा खरं असतं.

शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला वाढदिवसाला नक्षीचं जुनं पितळी मापटं धाडण्याआधी हे लक्षात घ्या. आणि दुकान असेल तर ही वजनं शोभेला मांडा, गिऱ्हाइकाच्या मालासाठी वापरू नका. २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार व्यापारात दशमान, शिक्का मारलेलीच वजनं-मापं चालतात.